हात हलका झाला की

सियागंजात ताहेरभाईंच्या दुकानी
दोन यंत्रं काउंटरवर आली:
एक पितळी मुठीचं, हाताने फिरवायचं,
दुसरं काळं, चकचकीत, वायरीची शेपटी गुंडाळून बसलेलं.
मी निकाल घरूनच ठरवून निघाले होते.
उजवं मनगट गेल्या दिवाळीपासून दुखतं,
चकलीचा सोऱ्यासुद्धा उल्काला देऊन टाकलाय,
आता कॉफीसाठी कोण दळणकांडण करत बसणार!

तशी इंदूरात कॉफी पितं कोण?
पोहे, पोह्यांवर शेव, शेवेवर जिरावण,
आणि मग चहा.
आमच्याच घरात हे खूळ.
अच्युत बारा वर्षं हुबळीला होता,
तिथून त्याची बदली झाली, जिभेची झाली नाही.
बिया अजून तिकडूनच पार्सलने येतात.
जुन्या यंत्राचे दाते इतके झिजले
की पूड कसली, लापशीचा रवा पडायचा.

ताहेरभाईंनी प्लग लावला, मूठभर बिया टाकल्या.
"भाभीजी, बीस सेकंड. गिन लो."
आणि बटण दाबलं.

पोऱ्या दचकला.
रस्त्यावरच्या हातगाडीवाल्याने मान वळवली.
मी कानांवर हात ठेवले.
अच्युत तेवढा हसत उभा,
शेजाऱ्यांच्या बाळाकडे बघावं तसा.

चार वर्षं झाली. आधी डावा, मग उजवा.
कानातलं मशीन ड्रॉवरमध्ये असतं;
ते घातलं की म्हणे सगळं जग
पत्र्यावर सांडल्यासारखं ऐकू येतं.

त्याने काळ्या झाकणावर तळवा टेकवला,
ताप बघावा तसा.
बिया संपल्या होत्या. आम्हा तिघांना कळलं,
आवाज बारीक झाला, रिकामा फिरू लागला.
त्याला नाही कळलं.
बटण सुटल्यावर तो म्हणाला,
जरा मोठ्यानेच, हल्ली बोलतो तसं,
"हे झालं कधी, ते मला कुणी सांगायचं?"

मी सांगेन, असं म्हणायला हवं होतं.
मी पिशवीचा बंद चाचपत राहिले.

मग त्याने दुसरं उचललं, पोटाशी धरलं,
मूठ फिरवली.
करकर, करकर. एक बी अडली.
त्याने खांदा लावला, सुटली.
मी त्याच्या मनगटाकडे बघत होते:
जड, जड, पुन्हा जड,
आणि एकाएकी मूठ सुळकन गेली
हवेतून गेल्यासारखी.
"झालं," तो म्हणाला.
आणि खरंच झालं होतं.

ताहेरभाईंनी काही न बोलता काळं यंत्र खोक्यात घातलं,
मी न मागता दीडशे रुपये कमी केले.
(झाकणाचा स्क्रू ढिला होता, ते घरी आल्यावर समजलं.)

आता रोज साडेपाचला,
कचरागाडीचं गाणं गल्लीत शिरायच्या आत,
तो उठतो. अनवाणी, भिंतीला धरत,
खोलीचं दार अलगद ओढून घेतो;
ते कुरकुरतं.
यंत्राला जुना टॉवेल गुंडाळतो,
आवाज नको व्हायला,
आणि ओट्याला टेकून फिरवू लागतो.
मांडणीवरची ताटं थरथरतात.
वरच्या खासगीवाल्यांची सून जिन्यात म्हणाली,
"काकू, तुमच्याकडे पहाटे सुतारकाम चालू आहे का?"
म्हटलं, हो, थोडं राहिलंय.

मी पडून असते. मोजायचं नाही म्हणत मोजते,
जड फेरे, अडलेला फेरा,
मनगट माझं नसूनही दुखतं.
मग तो एक हलका फेरा येतो
आणि पांघरुणातली माझी मूठ
आपोआप सुटते.

कप हातात देताना तो विचारतो,
"जागी नाही ना झालीस?"
मी मान हलवते. नाही.
पूड आज जरा जाडच झालीय.
तेही सांगत नाही.